पहिला दिवस कानाचा

गाळा बघायला येणारा माणूस आधी शटर वर-खाली करून बघतो, मग पाण्याचं विचारतो, मग गाडी लावायला जागा आहे का ते. मारुंजीत आमच्या घराखाली तीन गाळे आहेत, त्यामुळे हा क्रम मला पाठ झालाय. डॉक्टर आले ते सरळ आत गेले, बूट काढले आणि उघड्या फरशीवर उताणे झोपले. डोळे मिटून घेतले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. शेवटी आमच्या ह्यांनी विचारलं, "सायेब, बरं वाटत न्हाई का?"

डोळे न उघडता ते म्हणाले, "छान वाटतंय. फरशीला उजवीकडे उतार आहे, पण माझ्या कामाला चालेल."

ती फरशी माझ्या थोरल्या दिरांनी गवंड्याच्या उरावर बसून घालून घेतली होती. मी त्यांना दादा म्हणते. घरातला कर्ता माणूस, शब्द खाली पडू न देणारा. भाडेकरू काय म्हणाला ते कानावर जाताच दादा तरातरा खाली आले. "फरशी सरळ हाय. ह्यांचीच पाठ वाकडी असंल." डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी माझ्याकडे एक गोटी मागितली आणि फरशीच्या मधोमध ठेवली. गोटी निवांत उजव्या भिंतीला जाऊन टेकली. दादा जिना चढून वर गेले आणि पुढे कितीतरी दिवस त्यांनी गाळ्याकडे मान वळवून बघितलं नाही.

डॉक्टर पाठीचे. सुई नाही, गोळी नाही, सगळं काम हाताचं. मान, पाठ, कंबर बोटांनी तपासायची आणि जिथे सांधा अडकलाय तिथे नेमका, छोटासा झटका द्यायचा. याला कायरोप्रॅक्टिक म्हणतात हे मला आता झोपेतही सांगता येईल. ते शिकायला डॉक्टर परदेशी गेले होते, तिकडेच बरीच वर्षं काम करून बावधनला घरी परतले. बावधन सोडून मारुंजीत कशाला दुकान मांडता, असं मी विचारलं होतं. तर म्हणाले, "हिंजवडीत एवढी माणसं दिवसभर खुर्चीत बसतात. पाणी जिथे, तिथेच विहीर खणायची ना?"

साठीला आलेला, सडसडीत माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि गाळ्यात कायम अनवाणी. थंडीत पेशंट आत येण्याआधी दोन्ही हात काखेत दाबून बसायचे, गार हाताने कुणाची पाठ दचकू नये म्हणून. बाहेरून पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, डॉक्टरांनाच हुडहुडी भरलीय. चहाच्या टपरीवर गेले तर चहा राहायचा बाजूला आणि हे माणसं पाठीमागून बघत बसायचे. एकदा तिथे उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाच्या मागच्या खिशातलं जाडजूड पाकीट त्यांनी दोन बोटांनी ओढून काढलं आणि त्याच्याच हातात ठेवलं. "यावर बसता म्हणून कंबर दुखते." तो आधी चोर चोर म्हणून ओरडणार होता. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं, कारण कंबर खरंच दुखत होती.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय डॉक्टर कळायचे नाहीत. मी पायाळू. आईच्या पोटातून पायाकडून जन्मले. आमच्याकडे अशा माणसाचा मान मोठा. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाने डावा पाय तीनदा पाठीवर लावायचा, उसण उतरते. माहेरी पौडजवळ मी सात-आठ वर्षांची असल्यापासून लोक मला अंगणातून बोलावून न्यायचे. मोठमोठी पैलवान माणसं माझ्यापुढे पालथी पडायची आणि मी फ्रॉक सावरून पाय लावायची. आभाळात वीज चमकली की आई मला घरात कोंडायची, कारण वीज म्हणे पायाळूवर डोळा ठेवून असते. लग्न होऊन मारुंजीला आले तेव्हा माझ्या आधी माझ्या पायाची कीर्ती गावात पोचली होती. या गोष्टीचा मला गर्व होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

डॉक्टर येऊन महिना झाला असेल. पाण्याच्या टँकरवरचा एक ड्रायव्हर कमरेत वाकून आला. डॉक्टर आत दुसऱ्या पेशंटबरोबर, आणि त्यांच्या एका पेशंटला तास तास लागायचा. ड्रायव्हर कंटाळला. मला म्हणाला, "वयनी, तुमीच लावा ना पाय. आत लई येळ लागतोय." मी ओसरीवरच त्याला पालथा पाडला आणि तीनदा पाय लावला. तो उठला, "उतरली बगा" म्हणाला आणि टँकर घेऊन गेला. वळून बघते तर डॉक्टर दारात उभे.

मला वाटलं, आता भांडण. पण त्यांनी मला खुर्ची दिली आणि परीक्षा घेतल्यासारखं विचारायला लागले. कुठे लावलात? टाच की तळवा? किती जोर? आणि आधी काय विचारलंत?

"काय इचारायचं? पाठ दुखती म्हनला, लावला पाय."

"तो पडला होता का? ताप येतोय का? पायात मुंग्या आहेत का?"

"मला काय म्हाईत."

"ताई," ते म्हणाले, "तुमच्यात नि माझ्यात एवढाच फरक आहे. उसण भरलेली पाठ बहुतेक वेळा तीन-चार आठवड्यांत आपली आपण बरी होते. श्रेय घ्यायला तुम्ही पाय घेऊन उभ्या, मी हात घेऊन उभा. पण दहा-वीस पाठींत एखादी अशी येते, की तिला पायही लावायचा नसतो आणि हातही नाही. ती ओळखायची कशी?"

मला राग आला. माझ्या पायाबद्दल असं आजवर कुणी बोललं नव्हतं. आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. चहा पाठवायची, पण बिनसाखरेचा. त्यांनी तो निमूट प्यायला, वर ह्यांना निरोप दिला की साखर सोडल्यापासून तब्येत सुधारली.

नवव्या दिवशी ते वर आले. जांब्याहून एक मुलगी त्यांच्याकडे नावं लिहून घ्यायला यायची, ती सोडून गेली होती. डॉक्टर एकेकाला इतका वेळ घ्यायचे की बाहेरची माणसं तिच्यावर खेकसायची. ते मला म्हणाले, "पायाला विश्रांती द्या, तोंडाला काम द्या. तुम्हाला कुणी ओरडणार नाही, उलट तुम्हीच ओरडाल." मी हो म्हटलं. रागाने म्हटलं, खरं सांगायचं तर. म्हटलं बघू या तरी, हा माणूस तास तास करतो काय.

तो काय करायचा, तर ऐकायचा. "पहिला दिवस कानाचा, दुसरा डोळ्यांचा, तिसरा जमला तर हाताचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवा पेशंट आला की आधी सगळं विचारायचं. मग चालायला लावायचं, वाकायला लावायचं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघायचं, जुना फोटो-रिपोर्ट असेल तर उजेडात धरून बघायचा. आणि एवढं करून पेशंटला घरी पाठवायचं. येताना रोजची उशी आणि सगळ्यात झिजलेली चप्पल घेऊन या, असं सांगून. लोक वैतागायचे. आमच्या ओसरीवर उशा काखेत मारून बसलेले हिंजवडीचे इंजिनियर बघायला गल्लीतली पोरं जमायची.

मोबाईलवर व्हिडिओ बघून येणारे वेगळेच. एक जण मित्राला घेऊन आला, मित्राच्या हातात फोन तयार. म्हणाला, "सर, एकदम जोरात आवाज आला पाहिजे हां, मान दोन्ही साइडला." डॉक्टरांनी मला सोड्याची बाटली आणायला लावली. ती त्याच्या कानाजवळ धरून उघडली. फस्स झालं. "हा आवाज हाड मोडल्याचा आहे का?" तो नाही म्हणाला. "तुझ्या सांध्यातलाही तसाच असतो, बुडबुड्याचा. आवाज आला म्हणून बरं वाटतं असं नाही, आणि नाही आला म्हणून काम झालं नाही असंही नाही. नुसता आवाज हवा असेल तर दिवाळीत ये, फटाके देतो." आणि त्याची मान त्यांनी फिरवलीच नाही. खुर्ची दोन बोटं उंच करायला सांगितली, खांद्याचे दोन व्यायाम दिले. पंधरा दिवसांनी तो एकटाच आला, फोनवाला मित्र नव्हता.

एका बाईंनी विचारलं, याने शुगर जाते का? ते म्हणाले, "जात नाही. जाते असं सांगणारा भेटला तर आधी तो जातो का बघा." असं बोलून गिऱ्हाईक घालवणारा दुसरा माणूस मी मारुंजीत पाहिला नाही. चार-सहा वेळा येऊन फरक पडला नाही, तर स्वतःच सांगायचे, माझ्याकडे येऊ नका, अमुक डॉक्टरांना दाखवा. दाबून घेतल्यावर एक-दोन दिवस अंग ठणकेल, घाबरू नका, पण वाढत गेलं तर मला फोन करा, हेही ते आधीच सांगायचे. "नंतर सांगितलं की ती सबब होते," म्हणायचे.

प्रश्नांचा त्यांनी एक कागद केला होता आणि तो मला तोंडपाठ करायला लावला. कधीपासून दुखतं, कशाने सुरू झालं, पडलात का. ताप येतो का, वजन उतरलंय का. हाडं ठिसूळ झालीत असं कुणी म्हटलंय का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, पूर्वी कॅन्सर झाला होता का. बाईमाणूस असेल तर दिवस गेलेत का. आणि शेवटी ते अवघड प्रश्न: पायातली ताकद कमी झालीय का, बसायच्या जागी बधिर वाटतं का, लघवी-संडासचा ताबा गेलाय का किंवा लघवी अडकलीय का. या शेवटच्यांपैकी एकालाही हो आलं, तर कुणी कुठेही हात लावायचा नाही, पेशंट त्याच पावली मोठ्या दवाखान्यात. मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा झुबका असतो, तो दबला की वेळ घालवून चालत नाही. उशीर झाला तर माणूस जन्माचा अधू होतो.

हे शेवटचे प्रश्न मला तोंडातून काढवेनात. परक्या पुरुषाला कसं विचारायचं? डॉक्टर म्हणाले, "तुमची लाज महाग पडेल, ताई. पाय त्या माणसाचे जातील." मग रोज सकाळी ते माझ्यासमोर पेशंट होऊन बसायचे आणि मी विचारायची, "लघवी साफ होती का?" ते गंभीरपणे उत्तर द्यायचे, रोज वेगळं. एकदा चहावाला नेमका तेव्हाच आला, ऐकलं आणि चहाचे ग्लास दारातच ठेवून पळाला. गावभर झालं, की डॉक्टर आजारी आहेत आणि मालकीणबाई उपचार करतायत. पण महिन्याभरात माझी जीभ सरावली. तोवर मी पाय लावणंही थांबवलं होतं. कुणी आलंच तर आधी विचारायची, आणि विचारून झालं की पाय लावायची गरज माझी मलाच वाटेनाशी व्हायची.

आता डॉक्टर येत नाहीत. त्यांच्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे झिजले. "हाताला आता नीट कळत नाही. न कळणाऱ्या हाताने पाठीला हात लावणं म्हणजे अंदाजपंचे," असं म्हणून एका दिवसात काम थांबवलं. गाळ्यात आता त्यांच्याच हाताखाली शिकलेली एक डॉक्टर मुलगी बसते. मी माझ्या जागेवर आहे. बावधनला कधी गेले तर ते मला उंबऱ्यापासून आतपर्यंत चालायला लावतात आणि मग चहा देतात.

पण मला सांगायचंय ते डॉक्टर अजून गाळ्यात बसत होते तेव्हाचं, माझ्या पुतणीच्या लग्नाचं. दादांची एकुलती एक मुलगी. शुक्रवारी लग्न, गुरुवारी हळद, दारात मांडव.

त्याच्या आधीच्या शनिवारी दादा गाळ्यात आले होते. जाऊबाईंनी, म्हणजे दादांच्या मंडळींनी, जबरदस्तीने पाठवलं होतं. कमरेतून डाव्या पायात कळ उतरत होती. डॉक्टरांनी सगळं विचारलं, सगळं तपासलं, मोठा फोटो, म्हणजे एमआरआय, काढून घ्या म्हणून चिठ्ठी दिली, जड उचलू नका म्हणून बजावलं. दादा बाहेर येऊन मला म्हणाले, "तासभर नुसता इचारत बसला. हात लावायला येतो का न्हाई त्याला?" चिठ्ठी त्यांनी शर्टाच्या खिशात घातली आणि शर्ट धुवायला टाकला.

बुधवारी संध्याकाळी मांडववाल्याची माणसं कमी पडली. एक लोखंडी खांब आडवा राहिला होता. घरच्या कार्याला घरचा माणूस नुसता उभा कसा राहील? दादांनी एकट्याने खांब उचलला.

गुरुवारी दुपारी मला वर बोलावणं आलं. मोठ्या खोलीत दादा सतरंजीवर पालथे पडले होते. भोवती भावकी, बाहेरगावचे पाहुणे, वऱ्हाडातल्या दोन म्हाताऱ्या. दादा मान न वळवता म्हणाले, "ये. पाय लाव. उद्या कन्यादान हाय माजं, मला उभं राह्यला पायजे."

आमचे हे म्हणाले, "लाव की. तुजं काय जातंय?"

गुरुवारी डॉक्टर यायचे नाहीत आणि त्या दिवशी फोन बंद ठेवायचे. तरी मी लावून बघितला. बंद. सगळे माझ्या पायाकडे बघत होते. मी सतरंजीशेजारी खाली बसले आणि विचारायला लागले. दादा, कळ कुठवर जाते? दोन्ही पायात हाय का? पायात जोर हाय का? दादा हुं हुं करत होते. शेवटच्या प्रश्नांना आले. डोक्यावर पदर, समोर थोरले दीर, भोवती पन्नास डोळे. मी विचारलं, "लघवी होतीया का?"

 एका म्हातारीने तोंडाला पदर लावला. दादा तांबडेलाल झाले. "हे काय इचारनं झालं का? होतीया. समदं होतंया. पाय लाव म्हनतो ना."

डॉक्टर नेहमी म्हणायचे, पाठ खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. मी दादांच्या पायाकडे बघितलं. डाव्या पायाची बोटं सतरंजीत रुतल्यासारखी मेलेली पडली होती. मी उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. जाऊबाई पुरणाच्या पातेल्याजवळ बसल्या होत्या. त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "आक्का, खरं सांगा. दादा सकाळपासून लघवीला गेलेत का?"

त्या विचारात पडल्या. मग हळूच म्हणाल्या, "सकाळधरनं एकदाबी न्हाई गं. जाऊन बसत्यात आन तसंच येत्यात. म्या म्हनलं लग्नाची काळजी. आन सकाळी वल्या पायरीवर बसले, म्या म्हनलं धोतर भिजतंय, तर म्हनले मला कायच लागत न्हाई."

कागदावरच्या शेवटच्या प्रश्नांना हो आलं होतं. मी पुन्हा खोलीत आले आणि म्हणाले, "मी पाय लावनार न्हाई. कुनी हात बी लावायचा न्हाई. गाडी काढा, दवाखान्यात न्यायचं, आत्ता."

त्यानंतर मी जे ऐकलं ते सगळं लिहीत नाही. हळदीच्या दिवशी बापाला दवाखान्यात धाडणारी बाई, पांढऱ्या पायाची, डॉक्टरच्या नादाने डोकं फिरलेली. एक चुलत सासरे म्हणाले, पायाचं तेज गेलंय म्हणून बहाणे करतीय. दादा स्वतः म्हणाले, "माज्या पोरीचं लगीन मोडायला बसलीस व्हय?" हे मात्र लागलं मला. मी ह्यांना बाजूला घेऊन आक्कांचं बोलणं सांगितलं. ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि वऱ्हाडासाठी आलेली गाडी दाराशी लावली. चौघांनी दादांना फळीवर घेऊन उचललं. हिंजवडीच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा हे खाली उतरून पुढची वाहनं हाताने बाजूला करत चालले होते.

दवाखान्यात लगेच फोटो काढला आणि संध्याकाळीच ऑपरेशनला घेतलं. मणक्यातली गादी सरकून नसांवर बसली होती. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, वेळेत आणलंत. उद्यावर टाकलं असतंत तर बहुतेक पाय आणि ताबा दोन्ही गेले असते. मग त्यांनी विचारलं, हे ओळखलं कुणी? ह्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"तुम्ही नर्स आहात का?"

"न्हाई," मी म्हणाले, "मी पायाळू हाय."

ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना समजावायला मला तेव्हा जोर नव्हता.

शुक्रवारी लग्न लागलं. कन्यादानाला बापाच्या जागी आमचे हे आणि मी बसलो. पोरीने डोळे वर केले नाहीत. भावकीतली निम्मी माणसं माझ्याशी बोलली नाहीत. मी पाटावर बसून मनात एकच म्हणत होते, पाय राहू देत त्यांचे.

शनिवारी डॉक्टर आले. मी सगळं सांगितलं. ते फरशीवर मांडी घालून ऐकत होते, आणि मला वाटलं आता शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, "उजवा पाय तपासलात का?" नाही म्हटलं. "तपासायला हवा होता."  मग म्हणाले, "मागच्या शनिवारी मी त्यांना हेच विचारलं होतं. ते नाही म्हणाले. तेव्हा खरंच नव्हतं की लपवलं, हे मला आता कधी कळणार नाही. पण गुरुवारी मी असतो, तर त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला असता. स्वयंपाकघरात मी गेलो नसतो, ताई." त्यांनी टेबलावरचा प्रश्नांचा कागद घेतला आणि शेवटी पेनने लिहिलं: पेशंट नाही म्हणाला तरी घरातल्या बाईला विचारा. छपाईवाल्याकडे तोच कागद गेला. परदेशात शिकून आलेल्या माणसाने माझ्याकडून एक ओळ घेतली, याचा मला अजून इतका अभिमान वाटतो की नव्या पेशंटपुढे कागद ठेवताना माझं बोट आधी त्याच ओळीवर जातं.

एक सांगायचं राहिलं. डॉक्टरांच्या गाळ्यात नंबराशिवाय कुणी आत जायचं नाही, आणि प्रत्येकाला पूर्ण नावाने हाक मारायची. दादा नाही, साहेब नाही, पाटील नाही. "नावाने बोलावलं की माणूस सरळ बसतो," म्हणायचे.

तीन-साडेतीन महिन्यांनी दादा खाली आले. सर्जनने व्यायामाला डॉक्टरांकडे जा म्हणून लिहून दिलं होतं. काठी टेकत, एकेक पायरी उतरून आले. डाव्या पायाचा अंगठा अजून बधिर होता, बाकी पाय जमिनीवर ठाम पडत होता. ओसरीवर सात-आठ माणसं होती. मी पदर सावरून उठले आणि खुर्ची पुढे केली.

"बसा दादा."

"न्हाई. उभाच राहतो."  मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला वाकायची मनाई हाय. न्हाईतर तुज्या पाया पडलो असतो. हितंच, ह्या समद्यांच्या म्होरं."

थोरला दीर भावजयीला हे म्हणतो, हे आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही.  डोळे भरले होते, समोरच्या वहीतली अक्षरं दिसत नव्हती. तेवढ्यात आतून डॉक्टरांचा आवाज आला, "ताई, पुढचं नाव घ्या."

पुढचं नाव दादांचंच होतं, नंबर ह्यांनी सकाळीच लावून ठेवला होता. लग्न होऊन बावीस वर्षं झाली होती आणि ते नाव मी एकदाही तोंडातून काढलं नव्हतं; लग्नाआधीच्या त्या शनिवारीही डॉक्टरांनीच दारात येऊन ते पुकारलं होतं. थोरल्या दिराचं नाव घ्यायचं नसतं, रेशनच्या दुकानातसुद्धा मी कार्डावरच्या नावावर बोट ठेवून दाखवायची. मी दादांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

मी उभी राहिले आणि वहीत होतं तसं वाचलं. दत्तात्रय सोपानराव, आणि पुढे आमचं आडनाव. अख्ख्या ओसरीला ऐकू जाईल असं.

"हाय," दादा म्हणाले, आणि काठी भिंतीला लावून आत चालत गेले.